खांबावरचा सात

टोकावड्यात गाडी बसली.
फॅनबेल्ट तुटला, काटा लालात गेला.
मेकॅनिक हळदीला गेलाय, टपरीवरचा पोरगा म्हणाला,
येईल, जेवूनच येईल.

ऐरोलीहून निघाल्यापासून पप्पा आणि मी
चार वाक्यं बोललो होतो,
त्यातली दोन पेट्रोलबद्दल.

मी रेंज शोधत फिरले.
बियाण्यांचं दुकान, त्याला चिकटून फोटो स्टुडिओ,
काचेत एक नवरानवरी, उन्हानं निळी पडलेली.
मागे डोंगर,
कुणी तिथे ठेवून विसरल्यासारखा.
वळून बघते तर बाकड्यावर पप्पा नाहीत.

सापडले शाळेमागच्या गल्लीत
विजेच्या खांबासमोर, मान वर करून,
चपला तेवढ्या काढायच्या राहिलेल्या.
खांबावर काळ्या रंगात ४७.
"हा सात माझा," म्हणाले.
"शेपूट बघ. मी जरा जास्तच ओढायचो.
नंतर रंग दिलाय कुणी कुणी,
पण गिरवलाय तोच."

पप्पा बोर्डात होते, एवढं मला ठाऊक.
टेबल, पंखा, पाचला सुट्टी, डब्यात उरलेली अर्धी पोळी.
खांबावर होते
हे घरात कधी निघालंच नव्हतं.

"इथे कधी होतात?"
"होतो. दोन पावसाळे."

पुढे काही विचारणार,
तर समोरच्या ओट्यावर तांदूळ पाखडणारी म्हातारी
सूप मांडीवर ठेवून म्हणाली,
"मढवी वायरमन ना रं तू?"

तू.
माझ्या पप्पांना, ज्यांना आईसुद्धा 'अहो'.
आणि ते हसले, पडलेल्या दाताची जागा
हातानं न झाकता.

"पाय बरा झाला का?" तिनं विचारलं,
परवाचीच गोष्ट असल्यासारखं.
"झाला की, हौसाबाय."

तो पाय.
जिन्यावर मागे राहणारा, लग्नात खुर्ची शोधणारा,
ज्यावर मी "जरा भरभर चाला ना" म्हणत वाढले.
आम्ही त्याला संधिवात म्हणायचो.
त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही.

तिनं पाणी दिलं. मग गुळाचा खडा.
बोलण्यात बारकू आला, कुठली तरी दिवाळी,
तीन दिवस लाइट नव्हती ती.
मी ओट्याच्या कडेवर बसून ऐकत राहिले,
पाहुण्यांच्या मुलीसारखी.

मेकॅनिक आला, कानामागे हळद.
पट्टा बसवला, जास्त पैसे घेतले, घेऊ दिले.

घाटाच्या अलीकडे मी विचारलं,
"त्याच खांबावरून पडलात?"
पप्पांनी काच खाली केली.
हात बाहेर काढून वारा बघितला, पुन्हा आत घेतला.
"डावीकडून हळू घे," म्हणाले,
"इथे खडी असायची."