साउंडवाल्याची वही

मला सूर कळत नाही, मला हमिंग कळतं.
कुठली वायर उघडी पडलीय, कुठला माइक ओला आहे,
सत्तावीस वर्षं एवढंच ऐकत आलो
‘तिसरी पाळी’च्या मागे, जनरेटरजवळ स्टूल टाकून.

सुरुवात सातपूरची. कॉइल वाइंडिंगला कुंदा भालेराव,
शेजारच्या शेडमध्ये लेथवर तिचा धाकटा भाऊ, शरद.
देवळाली कॅम्पच्या बाजारातून आणलेली एक कॅसेट,
नावाची शाई पुसलेली;
आत कुणीतरी तीन सुरांत
सरकारला, शाळेला आणि स्वतःला शिव्या घालत होतं.
कुंदा म्हणाली, भाषा नाही कळली,
पण हे आपल्या सुपरवायझरबद्दल आहे.

मग सिन्नरहून रेणुके आले, संबळ घेऊन.
लग्नाच्या बँडातला इस्माईल, ट्रम्पेटला चिकटपट्टी लावलेली.
पंक म्हणावं तर त्यात गोंधळ,
गोंधळ म्हणावं तर देवीच्या जागी ओव्हरटाइम,
मध्येच कव्वालीच्या टाळ्या,
आणि ढोल असा, की सिडकोतल्या पहिल्याच रात्री
मंडळाच्या अध्यक्षानं मेन स्विच ओढला.
संबळ चालूच. त्याला कुठे वीज लागते!
वहीत नोंद: वूफर दोन, जळाले. येणे बाकी.

ड्रमर सात झाले.
पहिला ओझरला विमानाच्या कारखान्यात चिकटला,
दुसरा मस्कतला. तिसऱ्याचं लग्न झालं, चौथ्याचंही.
पाचवा डीजे झाला, रस्त्यात दिसलो की नुसता हॉर्न वाजवतो.
सहाव्याबद्दल कुंदा बोलत नाही.
सातवी, त्या पहिल्याची मुलगी.
बापापेक्षा जोरात मारते, काड्या स्वतःच्या पैशानं आणते.

मग ते ‘पत्रा’ गाणं.
गळक्या पत्र्याखाली पातेली मांडणाऱ्या घराचं.
पाथर्डी फाट्याच्या एका बिल्डरला ते हवं होतं,
न गळणाऱ्या फ्लॅटच्या जाहिरातीसाठी.
शरदनं विकलं. बहिणीला न विचारता.
त्याच पैशातून माझं तीन वर्षांचं भाडं फिटलं.
हे कुंदाला मी अजून सांगितलेलं नाही.

सहा वर्षं दोघं बोलले नाहीत, पण एकही कार्यक्रम चुकला नाही.
एकाच टेम्पोत, ती पुढे ड्रायव्हरशेजारी,
तो मागे स्पीकरच्या खोक्यावर, मालेगाव, धुळे, परत.
जे काय ते माझ्यामार्फत:
त्याला सांग, गिटार उतरव.
तिला सांग, शब्द खाऊ नकोस.
फक्त साउंड चेकला ती माइकवर म्हणायची, एक, दोन.
आणि दुसऱ्या माइकवरून तो, तीन, चार.
पाच कधी कुणी म्हणालं नाही.

परत कधी बोलू लागले, ठाऊक नाही.
मी डिझेल आणायला गेलो होतो.
आलो तर दोघं एका मिसळीवरून भांडत होते,
रस्सा कुणी जास्त घेतला यावर.

परवा एका वायनरीच्या लॉनवर बोलावलं होतं.
गवतावर गाद्या, लोक पाय पसरून, हातात ग्लास.
एक बाई म्हणाली, जरा स्लो काहीतरी वाजवा ना.
कुंदा म्हणाली, स्लोच आहे हे.
हे बसवायला आम्हाला सत्तावीस वर्षं लागली.
आणि ओव्हरटाइमचं गाणं सुरू केलं,
रेणुक्यांच्या संबळाशिवाय. ते दोन वर्षांपूर्वी गेले.
त्यांची जागा ती मोकळी ठेवते, चार मात्रा, प्रत्येक कडव्यानंतर.
लोकांना वाटतं, आम्ही चुकलो.

शरदचा डावा कान गेलाय.
डॉक्टरचा कागद त्यानं गिटारच्या खोक्यात, तारांखाली लपवला.
इतकी वर्षं ती त्याच्या डाव्या हाताला उभी राहायची.
त्या दिवशी काही न बोलता माइकचा स्टँड उचलून
ती उजवीकडे गेली.
माझी वायर पुरेना. आयत्या वेळी नवी जोडावी लागली.

वहीत नोंद: केबल, बारा मीटर.
कुणाच्या नावावर, ते अजून लिहिलेलं नाही.