वार्डो, डिसेंबर

सूर्य यायला अजून सहा आठवडे.
दुपारचे दोन वाजलेत, वाचनालयाच्या खिडकीत रात्र.
टेबलावर सात यंत्रं आणि माझ्याकडे एकच केबल.
बोटी उद्या पहाटे सुटतील.
पहाट म्हणजे घड्याळातली.

आयलर्टला हव्यात जाडजूड खुनाच्या कादंबऱ्या.
सोपं आहे. ईपब, सहा इंच, राखाडी पडदा
आणि कडेला खरीखुरी बटणं;
खवल्यांनी चिकट झालेलं बोट
काचेला ओळखू येत नाही.

ऊदवारचं इंजिनाचं मॅन्युअल मात्र पीडीएफ.
हट्टी जात. पान आपल्या मापाचंच राहणार,
जग लहान असलं तर जगाचं नशीब.
मोठं करून बघावं तर व्हॉल्व्ह दिसतो,
त्याचा नंबर निसटतो.
दिलं त्याला दहा इंची.
"माझ्या बर्थपेक्षा रुंद आहे हे," म्हणाला,
पण घेऊन गेला.

पक्ष्यांच्या पुस्तकापुढे मी हरले.
राखाडी पडद्यावर सगळेच समुद्रपक्षी एका आईचे.
रंगीत पडदा लावून पाहिला,
तर पफिनची चोच
शंभरदा धुतलेल्या स्वेटरसारखी.
शेवटी हाल्दिसला कागदाचंच दिलं,
दोन पिशव्यांत गुंडाळून,
गाठ मारून.

बंद करायच्या वेळी गुन्वोर आली. ती कुठल्याच बोटीवर जाणार नाही.
नवऱ्याच्या कविता होत्या, नातवाने टाइप केलेल्या.
मी समजावलं:
पीडीएफ ठेवलं तर ओळी शाबूत, पण अक्षरं मुंग्यांएवढी.
ईपब केलं तर अक्षर हवं तेवढं वाढेल,
पण ओळ कुठेही मोडेल,
त्याने मोडली नव्हती
तिथेसुद्धा.

ती हातमोजे काढत होती. एकेक बोट सोडवत.
"मोडू दे," म्हणाली.
"दमा होता त्याला.
शेवटी शेवटी असाच वाचायचा,
नको तिथे थांबून."

मी अक्षर वाढवलं. आणखी एक घर. आणखी एक.
पडद्यावर आता मावत होतं एवढंच:

बंदरावर तू उभी
आणि मी अजून

तिने बटणावर अंगठा ठेवला.
पान उलटताना हा पडदा
क्षणभर काळा होतो, सगळ्यांनाच खटकतं ते,
मी सांगणारही होते.
पण तिने दाबलं नाही अजून.
अंगठा तसाच.