निशाणी सात

टोपेका, तिसरा मजला, सकाळचे नऊ वाजून दहा.
माझं काम बोटांचं. बोललं जाईल ते टिपायचं.
न बोललेल्यासाठी या यंत्रावर कळ नाही.

अर्जदार वेल्डा उन्रू, वय एकाहत्तर,
वकील नाही, मांडीवर बुटांचा खोका.
समोर कंपनी : चार वकील, पाण्याचा एक जग.

प्रश्न साधा आहे, अध्यक्ष म्हणाले,
आणि पुढची चाळीस मिनिटं तो साधा राहिला नाही.
विहिरीतून वर येतो तोवर वायू म्हणजे उत्पादन.
मोठ्या नळात शिरून हद्द ओलांडली की वाहतूक,
तो वॉशिंग्टनचा विषय.
मधले अकरा मैल, शेताशेतांतून,
मक्याच्या मुळांखालून, चार इंची लोखंडातून
फुंकर फुंकर गोळा करत नेणं,
ते ना इकडचं ना तिकडचं.
वॉशिंग्टन म्हणतं, आमचं नाही.
राज्य म्हणतं, कुणी तक्रार केली तर बघू.

तर हिनं केली.

खोक्यातून पावत्या निघाल्या.
गोळा करण्याचा आकार. दाब वाढवण्याचा.
ओल काढण्याचा. कंप्रेसरनं वाटेत स्वतः खाल्लेल्या वायूचा.
आणि एक रकाना, जो मी दोनदा विचारून घेतला :
'हिशेबात न सापडलेला वायू'.
तोही हिच्याच नावे.
मार्चचा चेक अकरा डॉलर चाळीस सेंट.
एप्रिलला चेक नाही, बिल आलं.

"बाजार मोकळा आहे," हॅलोरन वकील म्हणाले,
"दर पटत नसेल तर बाईंनी दुसरी लाइन धरावी."
"कुठली?"
(साक्षीदारानं विचारल्याशिवाय बोलू नये. पान तेवीस.)

कायद्यात दोन शब्द नेहमी जोडीनं येतात,
न्याय्य आणि वाजवी.
त्यांच्यासाठी मी एकच खूण ठेवलीय, दोन बोटं एकदम पडतात.
त्या दिवशी एकतीसदा पडली.
वाजवी म्हणजे किती, हा आकडा
एकदाही बोटांखाली आला नाही.

जेवणानंतर तिनं मीटरचा चार्ट काढला,
ताटाएवढा गोल कागद, त्यावर आठवडाभर फिरलेली शाई.
आधी दर सोमवारी आर्नो बदलायचा, आता ती बदलते.
"माझी विहीर अठ्ठावीस पौंडांनी ढकलते.
यांच्या नळात मंगळवारपासून चाळीस.
दार उघडंच आहे, साहेब.
आतून कुणीतरी पाठ लावून बसलंय."

अध्यक्षांनी कागद हातात फिरवला.
"याची वरची बाजू कुठली?"
"याला वर-खाली नसतं. शाई कुठे आत ओढली गेलीय ते बघा."
ते बघत राहिले. हॅलोरनही वाकले.
मी बोटं कळांवर ठेवून बसले, आणि बराच वेळ
टिपण्यासारखं काही झालं नाही.

निशाणी सात दाखल. निकाल राखून.

सगळे गेल्यावर ती माझ्या टेबलाशी आली,
खोक्याला दोरी बांधत.
"या सगळ्याची नक्कल मिळते?"
मिळते, पानामागे साडेतीन डॉलर.
तिनं मनात एकशे अठरा पानांचा गुणाकार केला, ओठ हलले.
"हा दर कुणी ठरवला?"
राज्यानं, मी म्हटलं. त्याहून जास्त मला घेता येत नाही.

"म्हणजे ठरवता येतो तर," वेल्डा म्हणाली,
आणि हातमोजे शोधू लागली.
यंत्र मी तेव्हा बंद केलेलं होतं.