चौथा रकाना

बरांगायच्या पंचायतीत मी सातवा सदस्य,
अकरा मतांनी निवडून आलेला.
माझ्याकडे खातं क्रीडा आणि युवक,
म्हणजे बास्केटबॉलच्या दोन रिंगा
आणि एक फाटकी जाळी.

तिसऱ्या दिवशी कागायान नदी
मक्याच्या शेतांतून उठली
आणि आपल्या पात्रात जाऊन बसली,
कुणी विचारलं तर इथेच होते म्हणेल अशी.
तेव्हा कपिताना वेनेरांदा म्हणाल्या,
"खालच्या गावाला आपणच जायचं.
प्रांताचा ट्रक पुलापाशी थांबलाय
आणि पूल नाहीये."

खालचं गाव सांता फिलोमेना.
नऊ वर्षं त्यांचं आमचं बोलणं नाही.
पाटाच्या पाण्यावरून.
(हो, पाण्यावरून.)

एक पॉवर टिलर, मागे जोडलेली गाडी,
ऐंशी पिशव्या. पिशवीत तीन किलो तांदूळ,
सार्डिनचे चार डबे, मिठाचा पुडा.
पिशवीवर महापौरांचा चेहरा छापून आला होता.
कपिताना काही बोलल्या नाहीत,
रात्रभर एकेक पिशवी उलटी करून भरत राहिल्या.
महापौर आतल्या आत
तांदळाकडे बघून हसत होते.

निघताना खजिनदार तेओदुलोंनी वही दिली.
चार रकाने: नाव, घरातली माणसं, काय दिलं, सही.
"सही नसेल तर दिलंच नाही असं धरतात.
मागच्या वादळाचे सत्तर डबे
अजून माझ्याच पोटात आहेत, कागदोपत्री."

शाळेच्या छपरावर एक डुक्कर उभं होतं, जिवंत,
आणि कुणाचंच नव्हतं.
चर्चचं बाकडं केळीच्या बागेत.
बास्केटबॉलच्या मैदानात इतका गाळ
की टाच न उचलता
माझा हात रिंगेला लागला.
आयुष्यभर हेच हवं होतं मला.
मी हात पटकन मागे घेतला.

माणसं रांगेत आली, न सांगता.
पेन पहिल्या सात नावांत संपलं,
पुढे पेन्सिल. शाईचा पॅड भिजून लगदा झालेला.
मग एका म्हातारीनेच अंगठा पुढे केला,
त्यावर चिखल होताच.
तिने तो कागदावर टेकवला
आणि पिशवी घेऊन गेली.
त्यानंतर सगळ्यांनी तसंच केलं.

अठ्ठेचाळिसावा, अनाक्लेतो तागिनोद.
आमच्या पाटाची झडप कुदळीने फोडणारा.
नाव मला पाठ होतं, तरी विचारलं.
त्याने बापाच्या नावासकट सांगितलं,
कोर्टात सांगतात तसं.
"घरात माणसं?"
"पाच."
मग म्हणाला, "थांब. चार लिही."
मी पाचावर काट मारायला पेन्सिल टेकवली.
"नको. पाचच राहू दे.
सापडेपर्यंत पाच."
अंगठ्यावर त्याच्या आडवी भेग होती.

डिसेंबरात तपासनीस बाई आल्या, शहरातून,
टाचणीसारख्या सरळ.
वही उघडली तशी
टेबलावर माती झडली.
चौथा रकाना कोरा, कुठे कुठे पिवळट डाग.
"हे कुणाचं?" त्यांनी बोट ठेवलं.
मला सांगता येईना.
"आणि हे?"
त्या डागाला मधोमध एक आडवी रेघ होती.
ते मी सांगितलं.
"यांच्या घरी नोंदीत चारच माणसं आहेत."
तेही मी सांगितलं, जेवढं सांगता आलं तेवढं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
टेबलावर फुंकर मारली नाही.
एक पाकीट मागून घेतलं,
तळहाताच्या कडेने माती त्यात लोटली,
पाकीट वहीला टाचलं,
आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं:
रकाना चौथा, एकूण सह्या ऐंशी.
तेओदुलो त्या रात्री पोटभर जेवले म्हणे.

पाटाच्या पाण्याचं अजून मिटलेलं नाही.
बुधवारी बैठक आहे.
अनाक्लेतो येणार आहे,
कुदळ घरी ठेवून.
जाळी मी नवीन मागवलीय, दोन.
एक त्यांच्या रिंगेला.
गाळ अजून तसाच आहे,
पोरं बसूनच बॉल टाकतात.