मरणाचं बुक

पाद्रींनी किल्ली दिली आणि म्हणाले,
पानं सुक्या बोंबलासारखी उचला, मोडतात.

तीस वर्षं मी वेंगुर्ले डेपोत कंडक्टर.
सुट्ट्या पैशांचा हिशेब कधी चुकला नाही
म्हणून ही उचापत माझ्या गळ्यात:
खारवाडीच्या इगर्जीची दीडशे वर्षं,
कोण कुणाचा, कुठून आला, कुठल्या कुरसाखाली.
फेस्ताच्या आत सगळं टाइप करून हवंय.

साक्रिस्तीत लाकडी कपाट, त्यात तीन बुकं.
बाप्तिस्म्याचं जाड, लग्नाचं पातळ,
मरणाचं अर्धं वाळवीने वाचून संपवलेलं.
अठराशे एकाहत्तर ते ब्याऐंशी तिच्या पोटात.
त्या सालांत आमच्याकडे कोणी मेलंच नाही.

उरलेलं पोर्तुगीज. मी फोटो काढतो,
म्हापशाचा साडू रात्री जेवून अर्थ कळवतो:
अमका रेंदेर, माडावरून पडून.
अमकी बाळंतपणात, मूल जगलं.
शिमांव सोज, बोटीवर कुक, एडनच्या पुढे समुद्रात;
कबरीत त्याचा कोट पुरला.

मग एकोणीसशे अठराचा ऑक्टोबर.
मानमोडी.
पाद्र मिनेझिसचं अक्षर आधी तांदळासारखं,
एकेका मेलेल्याला चार चार ओळी.
मग दोन. मग नुसतं नाव.
मग एक रेघ, जशी गाडी खड्ड्यात गेल्यावर
वेबिलावर पेन्सिल सरकते.
आणि पुढची ओळ मोडीत.

साडूने हात टेकले.
आरोलकर तलाठी, नव्वदीचे, ओसरीवर भिंग घेऊन बसले.
"मिनेझिस पाद्री. आज पहाटे.
घंटा वाजवूक नाय, माणसा घाबरतत."
खाली सही: कायतान मेंडिस, घंटेवाला.
माझा पणजोबा.

तेवीस दिवस गावात पाद्री नव्हता
आणि तेवीस दिवस त्याने बुक मिटलं नाही.
दादी सोजीण. पास्कू. पास्कूचा धाकटा.
राघू गाबीत. शाबी मेस्त्री, पेट्या करायचा तो.
मुजावराची आई. देवळातली गंगा भावीण.
तलाठी थांबले. भिंग पुसलं, पुन्हा धरलं.
"मेल्या," ते म्हणाले, "ह्यो आमचो आजो."
सावळाराम आरोलकर, गुरुवार, दिवेलागणी,
मागे तीन पोरं.
त्यांच्या घरी तिथी पाळतात
ती दोन दिवस चुकीची.

नवा पाद्री डिसेंबरात आला.
हिंदू-मुसलमान नावांवर त्याने तांबडी काट मारली,
पट्टी लावून, नीट.
पण ती शाई फिकी पडली, मोडी अजून काळी.

मी सगळी टाइप केली. कमिटीत कुणी विचारलं,
ही माणसं आपली कुठे?
म्हटलं, बुक आपलं आहे ना.

एकच ओळ अडली आहे.
सतरावा दिवस: "घरातलं एक."
नाव नाही, वय नाही.
कायतानची मुलं पाच, पाचांची लग्नं लग्नाच्या बुकात.
बायको बत्तीस सालापर्यंत जगली.
आत्येला विचारलं. फणसाचे गरे काढताना
तिने वरही पाहिलं नाही:
"नाय ता कित्याक शोधतंस?"

एस.टी.त असं व्हायचं.
तिकिटं एक्केचाळीस, डोकी बेचाळीस.
मागून पुढे मोजायचो, पुढून मागे,
मांडीवर निजलेली पोरंसुद्धा.
ड्रायव्हर आरशातून बघत राहायचा.

छापखान्यातून दोनदा फोन आला.
मी अजून डबल बेल दिलेली नाही.