समासात

घर क्रमांक शून्य-सात-तीन.
पहिल्या फेरीला मी इथं सायकलवरून आले होते.
कॅरिअरला बांधलेला वजनकाटा, उंची मोजायची फळी,
आणि घोकून घोकून पाठ केलेली व्याख्या:
कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं.

न्यामहांगो खो खो हसली होती.
चुलीच्या तीन दगडांकडे बोट दाखवून म्हणाली,
"मग शेजारचा म्हातारा लिही.
सिमा शिजला की बरोब्बर उगवतो.
आणि माझा नवरा खोड. तो जोनीला जेवतो."

जोनी म्हणजे जोहान्सबर्ग.
रुंफीच्या या डोंगरांत घरटी एक तरी माणूस
जोनीला जेवतो.
आमच्या फॉर्मवर त्याचा आकडा चार.
वारलेल्याचा पाच.

दुसऱ्या फेरीत तिचा चार घरी परतला होता,
भिंतीला टेकून खोकत.
तिसऱ्या फेरीत पाच.
मी खोडरबरानं खोडलं, वर फुंकर मारली.
शाईचं पेन तेव्हा आम्हाला देत नसत.

त्याच फेरीत तिच्या पाठीला बांधलेलं
एक नवं पोर होतं. ओळ सहावी.
नाव सुझगो. आमच्या तुंबुकात सुझगो म्हणजे त्रास.
प्रश्न छप्पन्न मी वाचला, जसा छापला होता तसाच,
कारण आवाज चढवायचा नाही की उतरवायचा नाही
असं प्रशिक्षणात बजावलेलं:
हे मूल राहिलं तेव्हा ते तुम्हाला हवं होतं,
पुढं कधीतरी हवं होतं,
की नकोच होतं?

ती शेंगा सोलत होती. हात थांबले नाहीत.
उत्तर दिलं. मी खूण केली.
मग सत्तावन्न. मग अठ्ठावन्न.

आज बारावी फेरी.
आता टॅब्लेट आहे, मोटरसायकल आहे,
गुडघे तेवढे सायकलच्या काळातले.
न्यामहांगोला मागच्याच फेरीत पाच दिला,
बोट काचेवर ठेवलं आणि झालं, फुंकर मारायलाही काही उरलं नाही.
चटईवर सुझगो बसली आहे. एकोणीस वर्षांची.
तिच्या दंडाचा घेर मी सात वेळा मोजलाय.
आता कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात तीच.

"तू आईला सगळं विचारायचीस," ती म्हणाली.
"मी पोटात होते तेव्हाचं पण?"
"नंतरचं."
"मग मी हवी होते का?"

प्रत्येक घरात पहिला परिच्छेद मीच वाचून दाखवते:
तुम्ही सांगाल ते गुप्त राहील.
मेलेल्यांचं उघड करता येईल
असं त्यात कुठंच लिहिलेलं नाही.
मझुझूच्या ऑफिसात लोखंडी कपाट आहे,
त्यात तिच्या आईची एक बरोबरची खूण आहे,
आणि ती कुठल्या चौकटीत आहे ते मला
डोळे मिटूनही दिसतं.

मी म्हटलं, "उत्तर सांगता येणार नाही.
समासातलं सांगते. समासाची शपथ नसते.
प्रश्न अठ्ठावन्न होता, काल रात्री मच्छरदाणीत कोण झोपलं.
तिनं फक्त तुझी ओळ सांगितली.
मी कडेला पेन्सिलीनं लिहिलं:
जाळी एकच. बाईचे हात खांद्यापर्यंत चावलेले.
समासातलं कुणी कॉम्प्युटरमध्ये भरत नाही."

सुझगो बराच वेळ चटईची एक काडी उसवत राहिली.
मग म्हणाली,
"मला तर सांगायची, डास तिला चावतच नाहीत."

पुढचा प्रश्न मी विचारायला हवा होता.
बॅटरी बारा टक्के, अजून चार घरं बाकी.
सुझगो उठली, सिमा ढवळायला बसली,
आणि शेजारच्या म्हाताऱ्याचा नातू
आपली ताटली घेऊन बरोब्बर उगवला.

"हा कोण?" मी विचारलं.
"रोजचाच आहे."
मी नवी ओळ उघडली.
व्याख्येप्रमाणे.