खिडकीमागचा प्रश्न

ग्रिम्सबीच्या मासळीबाजारात सकाळी पावणेसातला
वजनकाटा चालू होता, लिलाव बंद.
पेट्यांवरचा बर्फ वितळत होता,
पडद्यावरचे आकडे तेवढे गोठलेले.
मॉरीन थर्केटल ओल्या रबरी हातमोज्यानं
माउस दाबत होती आणि यंत्र म्हणत होतं, टुंग.
पुन्हा टुंग.
चाळीस मिनिटं नुसतं टुंग.

मी लिंकनहून गाडी हाणत पोचले तेव्हा
तीन खरेदीदार निघून गेले होते
आणि चौथा माझ्याकडे असा बघत होता
की जणू हॅडॉक मीच नासवलाय.
एका अर्थी, हो. प्रोग्राम माझाच.

खिडकी जरा बाजूला सरकवली.
मागे होती ती, तळहाताएवढी करडी चौकट:
"प्रिंटरमधला कागद संपला आहे. पुढे जाऊ?"
हो. नाही.
तिच्या उंबऱ्याशी सगळं अडून बसलेलं,
काट्यावरून आलेले आकडे एकामागे एक,
कोणी कोणाला ओलांडायचं नाही.
तो कायदा मीच केला होता, अकरा वर्षांपूर्वी,
तीन ओळींत, जेवायची घाई असताना.

मॉरीन वाकून वाचत राहिली.
"म्हणजे इतका वेळ हे मला विचारत होतं?"
मग जरा थांबून,
"मोठ्यानं विचारायचं की मग."

महिनाभर तेवढंच काम केलं.
विचारायचं, पण वाट अडवायची नाही.
प्रश्न वरच्या कडेला पिवळ्या पट्टीत उभा करायचा
आणि धागा सोडून द्यायचा: जा, तोल, मोज, छाप.
उत्तर येईल तेव्हा येईल,
आलं की याच ओळीपासून उचलू.
ऐकायला सोपं. पण मधल्या वेळात
पेटीच विकली गेली तर?
विचारणारी खिडकी कोणी मिटून टाकली
तर उत्तर कोणाच्या दारात जाऊन उभं राहणार?
ओलुमिडे, आमचा टेस्टर, मुद्दाम असलंच करायचा.
प्रश्न उघडा टाकून जेवायला जायचा,
परत येऊन "हो" दाबायचा, आणि सगळं कोसळायचं,
कारण ज्याला हो म्हणायचं ते उरलेलंच नसायचं.

मी त्याला सांगितलं, आमच्या भाषेत
याला तिसरं बटण आहे. बघू.
मुलगी पाहून उठताना म्हणतात ना, कळवतो.
होकार नाही, नकार नाही, चहा मात्र पिऊन झालेला.
तो म्हणाला, मग कळवतात का?
म्हटलं, काही जण.

फेब्रुवारीत सुधन्वानं भांडी विसळता विसळता विचारलं होतं,
अ‍ॅबर्डीनची नोकरी घेऊ का,
आणि घेतली तर तू येशील का.
मी म्हटलं, कळवते.
काही अडलं नाही.
गाडीचे टायर बदलले, मंगळवारचा कचरा मंगळवारी गेला,
जेवताना आम्ही एकमेकांकडे मीठ सरकवलं.
प्रश्न कडेला उभा होता, पिवळा,
आणि पिवळ्याची सवय होते
हे मी आराखड्यात लिहायला हवं होतं,
"धोके" या मथळ्याखाली.
जुनी चौकट दुष्ट होती, खरं आहे.
पण तिच्यासमोर बसून राहावं तरी लागायचं.

काल नवी आवृत्ती बसवायला गेले.
लिलाव रंगात, कॉड, प्लेस, पुन्हा कॉड,
आणि वर पट्टी: कागद संपला आहे.
मॉरीननं पाहिली, मान हलवली, तोलत राहिली.
शेवटची पेटी गेल्यावर
एकेक बोट ओढत हातमोजे काढले,
हात ॲप्रनला पुसले,
आणि मग, सावकाश, उत्तर दिलं.

मी गाडीत येऊन बसले. धक्क्यावर सीगल
कुणाच्यातरी सांडलेल्या चिप्सवरून भांडत होते.
फोनमध्ये सुधन्वाच्या नावावर बोट ठेवलं.
त्यानं त्या नोकरीचं काय केलं
हेही मी अजून विचारलं नव्हतं.